दसऱ्याआधीची हजेरी

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात शाळेचे वर्ष दोनदा सुरू होते. पहिल्यांदा १५ जूनला, कागदोपत्री. आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीनंतर, जेव्हा वर्गात उरलेली मुले मोजून शिक्षक पुन्हा नव्याने घडी बसवतो. मधल्या काळात ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमधून आणि ट्रॅक्टरमधून कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघून गेलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर आमची निम्मी शाळाही गेलेली असते. हे दरवर्षी होते, त्याच महिन्यात होते, त्याच घरांतून होते. तरीही शाळा दरवर्षी चकित होते, आणि मला आज याच चकित होण्याविषयी लिहायचे आहे.

मी २००९ पासून २०१८ पर्यंत अशा एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत होतो. शाळा पाचवीपर्यंतची आणि शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मिळायला पटावर १५० हून अधिक मुले लागतात. आमचा पट पन्नाशीही गाठत नसे, त्यामुळे सेवाज्येष्ठ म्हणून मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. प्रभारी असणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगावे लागत नाही. दोन किंवा तीन वर्ग शिकवायचेच, वर पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसची (सरकारच्या शाळा-नोंदणीची) माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बांधकामाची मोजमापेही बघायची. त्यामुळे शालेय नेतृत्वाविषयीचे जे साहित्य प्रशिक्षणात वाटले जाते, ते वाचताना आमच्यासारख्यांना नेहमी असे वाटत आले की हे कुणा दुसऱ्यासाठी लिहिलेले आहे, ज्याला बसायला स्वतंत्र खोली आहे आणि विचार करायला मोकळा तास आहे.

पहिल्या वर्षी मी काय केले ते आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही. दिवाळीनंतर वर्गात आलो तेव्हा हजेरीपटावरच्या नावांपैकी जेमतेम निम्मी मुले समोर होती. मी चौकशी केली, मुले ‘कारखान्याला’ गेल्याचे कळले, आणि मी ती पटावर तशीच ठेवली. पट कमी दाखवला तर एक शिक्षक कमी होण्याची भीती होती आणि शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यात शून्य लिहिणे सर्वांच्याच सोयीचे होते. एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपले, मुले परत आली, काळवंडलेली आणि हाताला चरे पडलेली. दुसरीतली एक मुलगी जूनमध्ये जोडाक्षरे वाचत होती, ती एप्रिलमध्ये स्वतःचे नाव लिहिताना अडखळली. मी तिला तिसरीत ढकलले. त्या वर्षी माझ्याकडून एकही अहवाल उशिरा गेला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी एक प्रशिक्षण झाले आणि त्यात ‘प्रोअॅक्टिव्ह’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. साधनव्यक्तीने फळ्यावर त्याचा मराठी पर्याय ‘पूर्वक्रियाशील’ असा लिहिला आणि सभागृहात हसू पसरले. माझ्या शेजारी निवृत्तीला आलेले एक गुरुजी बसले होते. ते म्हणाले, “मृग निघायच्या आत माळवदावर पांढरी माती टाकतात, तेच हे. गळायला लागल्यावर वर चढणारा माणूस पायानं आणखी भोकं पाडतो.” आमच्याकडची जुनी घरे धाब्याची, त्यामुळे सगळ्यांना ते क्षणात समजले. मला मात्र त्यातून एक अवघड प्रश्न दिसला. पाऊस कधी येणार हे पंचांगात असते. माझ्या शाळेतली मुले कधी जाणार, हे मला कुठे वाचायला मिळेल?

उत्तर गावात सर्वांना ठाऊक होते, फक्त शाळेला ठाऊक नव्हते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दसऱ्यानंतर निघते, पण ते जाणार हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते, ज्या दिवशी ते मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेते त्या दिवशी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि एका कोयत्याची उचल म्हणजे हंगामाच्या कामापोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ती बहुधा पावसाळ्यातच घेतली जाते, खते-बियाणे, आजारपण, लग्नाचे देणे, जे तोंडावर येईल त्यासाठी. म्हणजे आषाढ-श्रावणात कुणी उचल घेतली हे ज्याला समजले, त्याला कार्तिकात वर्गातली कोणती जागा रिकामी असेल हे तीन-चार महिने आधी समजले. आम्ही मात्र जागा रिकामी झाल्यावर हजेरीपटाकडे बघत होतो.

मग मी दोनशे पानी एक वही घातली. त्यात प्रत्येक कुटुंबापुढे चार रकाने होते. उचल घेतली का. मागच्या हंगामात कधी गेले आणि कधी परतले. कडेवरचे मूल आहे का. आणि मागे घरी कोण राहणार. पहिले दोन रकाने मला कुणीही सुचवले असते. तिसरा आणि चौथा दारोदार फिरल्यावर सुचला, आणि खरे काम त्या दोघांनीच केले.

तिसऱ्या रकान्याचे असे की मुलांना बरोबर नेण्यामागे शिक्षणाविषयीची अनास्था असते हे आमच्या कार्यालयांत गृहीत धरलेले असे. मीही तेच धरून चाललो होतो. एका आईने मला सरळ विचारले, “गुरुजी, पोरगी मागं ठेवली तर बारक्याला फडात कोण सांभाळणार?” पहाटे फडात उतरलेली जोडी ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून रात्री कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर येते, तोवर वर्षा-दीड वर्षाच्या मुलाजवळ कुणीतरी लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे आठ-नऊ वर्षांची बहीण. थोडक्यात, ज्या घरात कडेवरचे मूल आहे त्या घरातली मोठी मुलगी जाणार, हे जवळजवळ ठरलेले. अशा घरी जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगणे हे त्या बाईचा वेळ खाणे होते. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा होता: धाकट्यालाही आजीजवळ ठेवता येईल का, आणि ठेवले तर अंगणवाडीताई त्याला घेतील का?

चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘आजी’ असे एकच उत्तर येई, पण आजी आहे एवढे पुरत नाही. तिला दिसते का, तिला दोन माणसांची चूल फुंकता येते का, तिचा मुलगा तिला किती पैसे ठेवून जातो, हे सगळे त्या एका शब्दामागे असते. हंगामी वसतिगृहाची शासकीय योजना नेमकी इथेच उपयोगी पडते. नाव वसतिगृहाचे असले तरी आमच्याकडे तिचे रूप साधे होते. मुले गावातच नातलगांकडे झोपत, दुपारी शाळेचा पोषण आहार असेच, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेच्या आवारात शाळा व्यवस्थापन समिती शिजवून घालत असे. पूर्वी मुलांच्या मागे कारखान्यापर्यंत जाऊन तळावर साखरशाळा चालवण्याचा मार्ग होता. जनार्थसारख्या संस्थेने तो कष्टाने चालवून दाखवला. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकत राहते, म्हणून मूल गावातच थांबवता आले तर ते अधिक बरे, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

मुकादमाकडे जायला मला संकोच वाटत होता. अखेर एका संध्याकाळी गेलो. त्याने चहा पाजला आणि कोणकोणत्या घरांनी उचल घेतली ते बोटांवर मोजून सांगितले. त्यात त्याला लपवण्यासारखे काहीच वाटत नव्हते. त्याची स्वतःची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत होती, हे त्याने न विचारता सांगितले. त्या यादीसाठी मी त्याच्या ओट्यावर पुढे दरवर्षी बसलो. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. ज्याच्या कर्जात गाव बांधलेला आहे त्याच्याकडे शिक्षकाने जावे का, हा प्रश्न योग्यच आहे. पण माहिती जिथे असते तिथे जावे लागते, आणि आमच्या गावात ती शाळेच्या संगणकात नव्हती.

आता समितीविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. कायदा चांगला आहे. पण आमच्या वाडीत पालक म्हणजेच ऊसतोड कामगार, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल समितीच जागेवर नसे. समितीचे बँक खाते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचे. एका वर्षी अध्यक्ष कारखान्यावर आणि धनादेश माझ्या टेबलावर, अशी तीन आठवडे अवस्था होती; शेवटी ऊस घेऊन जाणाऱ्या चालकाबरोबर धनादेशपुस्तिका पाठवून सह्या आणल्या. (नियमात हे बसते का, ते मी त्या वेळी विचारले नाही.) पुढच्या निवडीच्या वेळी आम्ही पालकसभेत हा मुद्दा उघडपणे मांडला आणि गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका मातेला अध्यक्ष केले, कारण ती बारा महिने गावात असणार होती. तिला भाषण करता येत नसे, पण कुणाच्या घरचे दळण थांबले आहे हे तिला सर्वांआधी कळत असे, आणि वसतिगृह चालवताना याहून मोलाची माहिती नाही.

सभेची वेळही आम्ही बदलली. परिपत्रकानुसार सभा महिन्याच्या ठरावीक तारखेला होई आणि तिला चार माणसे येत. गावात सगळे पुरुष हमखास असतात ते पोळ्याला. सगळ्या आया शाळेत येतात त्या १५ ऑगस्टला, मुलांची कवायत बघायला. म्हणून झेंडावंदन झाल्यावर खाऊ वाटण्याआधी आम्ही वही उघडून बसत असू आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेली घरे गाठत असू. भाद्रपद सरेपर्यंत नावे, पालकांची संमतिपत्रे, स्वयंपाकाची सोय, सगळे तयार असे आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दाखल झालेला असे.

प्रस्ताव वेळेत जातो म्हणून मंजुरी वेळेत येत नाही, हेही लिहिले पाहिजे. एका वर्षी ती डिसेंबरात आली. ट्रक उभे राहिले की पालकांना आजच्या आज उत्तर हवे असते. ‘मंजुरी येईल’ या शब्दावर कुणी मूल मागे ठेवत नाही. त्या वर्षी गिरणीवाल्या अध्यक्षबाईंनी एक उपाय काढला. निघणाऱ्या प्रत्येक घराने ठेवलेल्या मुलामागे दोन पायल्या ज्वारी किंवा बाजरी गिरणीवर आणून द्यायची, किराणा दुकानदाराने डाळ-तेल उधारीवर द्यायचे, आणि अनुदान आले की ते फेडायचे. मागे राहिलेल्या दोन आज्यांनी भाकरी थापायचे कबूल केले. पहिले जेवण ट्रक गेले त्याच दिवशी संध्याकाळी झाले, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण आई-वडील गेलेल्या पहिल्या रात्री मूल रडते, आणि ती रात्र पार पडली तर ते बहुधा टिकते. दुकानदाराची उधारी फिटायला मार्च उजाडला. त्याने मला रस्त्यात टाळायला सुरुवात केली होती.

या सगळ्यासाठी वेळ कुठून आणला, असे सहकारी विचारतात. शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असे कलम २७ सांगते, आणि ते कलम वाचून दाखवले तर लोक हसतात. व्हॉट्सअॅप आल्यापासून तर ‘तात्काळ’, ‘आजच्या आज’, ‘प्रथम प्राधान्य’ असे शेरे जेवणाच्या ताटापर्यंत येऊ लागले. एका मे महिन्यात मी कंटाळून मागच्या दोन वर्षांत मागवलेली सगळी तातडीची माहिती महिन्यांनुसार मांडली आणि मला गंमत दिसली. त्यातली बहुतेक माहिती दोन्ही वर्षी जवळजवळ त्याच महिन्यात मागवली होती. जुलैत गणवेश आणि पाठ्यपुस्तके, सप्टेंबरच्या आगेमागे यू-डायसची पूर्वतयारी, मार्चमध्ये खर्चाची प्रमाणपत्रे. तातडीलाही पंचांग असते. मग मी उन्हाळ्यातच वर्षभराचे तक्ते भरून एका फाईलमध्ये ठेवू लागलो. पट आणि तारीख तेवढी बदलायची. त्यातून आठवड्याला जे तीन-चार तास सुटत, त्यांत मी वाडीत फिरत असे. नेतृत्वाच्या पुस्तकांत या फाईलला जागा नाही, पण माझ्यापुरते बोलायचे तर वहीचा पाया ती फाईल होती.

त्याच सुमारास सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटची, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाची, चर्चा राज्यभर होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलांनी स्वतः कृती करून शिकण्याची पद्धत, रुजवली होती आणि गावोगावचे शिक्षक गाड्या करून ते बघायला जात होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या वेळी तर कुमठ्याचे नाव प्रत्येक बैठकीत निघे. बघून आलेल्यांपैकी अनेकांनी परत येऊन फरशीवर रंगीत आकृत्या काढल्या, आणि काही ठिकाणी काम तिथेच थांबले. माझ्या मते तिथली घेण्यासारखी गोष्ट फरशीवर नव्हती. पर्यवेक्षण करणारी अधिकारी दोष नोंदवण्यासाठी येण्याऐवजी शिक्षकाबरोबर वर्गात मुलांसमोर बसते, ही होती. राज्यात केंद्रप्रमुखांची, म्हणजे शाळांच्या एकेका गटावर देखरेख करणाऱ्यांची, ४,८६० पदे याच हेतूने निर्माण झाली होती. त्यांतली किती पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि भरलेल्यांपैकी किती जण टपाल गोळा करण्यात संपले, ते प्रत्येक शिक्षकाला आपापल्या केंद्रावरून माहीत आहे.

वहीने सगळे साधले असे नाही. पहिल्या वर्षी आम्ही थोडीच मुले थांबवू शकलो, पुढे संख्या वाढली, पण असे एकही वर्ष गेले नाही की सगळी थांबली. जी गेली त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड दिले. त्यावर मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि काय येते ते लिहिलेले असते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेने दाखला न मागता त्याला बसवून घ्यावे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकलीच आहे. मी टोळी कुठे उतरली ते मुकादमाकडून कळले की जवळच्या शाळेत फोन करत असे. काही शिक्षकांनी आपलेपणाने मुले घेतली. एकाने स्पष्ट सांगितले की महिन्याभराने ही मुले पुढच्या तळावर जाणार, मग त्यांची गैरहजेरी माझ्या डोक्यावर. त्याचेही चुकत नव्हते. टोळी कर्नाटकात गेली तर कार्डाचा उपयोग संपे, कारण जवळ मराठी शाळा असेलच याची खात्री नसे.

आणि पाचवीनंतर आमचा हात पोहोचत नसे. पुढची शाळा चार किलोमीटरवर, मुलगी वयात येत असलेली, आजी थकलेली. अशा मुलीला मागे ठेवायला आई-वडील घाबरतात, बरोबर न्यायलाही घाबरतात, आणि मग लग्न लावून देतात. जोडी झाली की आणखी एक कोयता होतो. माझ्या वहीतल्या दोन नावांपुढे असे झाले आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहांची योजना आणली, निम्मी मुलींसाठी. त्या दोघींसाठी ती उशिरा आली.

हंगामी वसतिगृहांविषयी तक्रारीही आहेत, आणि त्या खोट्या नाहीत: कागदावर मुले, प्रत्यक्षात रिकामे आवार, आणि बिले मात्र पूर्ण. त्यामुळे तपासणीला येणारा अधिकारी आमच्याकडेही आधी चोराकडे बघावे तसा बघे. त्यावर मी एवढेच केले की आठवड्याची जेवणाची यादी आणि मुलांची नावे गिरणीच्या भिंतीवर लावली. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई ती वाचे किंवा वाचून घेई, आणि एखादे नाव खोटे असते तर दुसऱ्या दिवशी गावभर झाले असते.

२०१८ मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या आणि माझी बदली दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात झाली. कार्यभार देताना साहित्याची यादी असते: टेबल, खुर्च्या, तराजू, नकाशे, पंचवीस वर्षांचे हजेरीपट. वहीचा त्यात रकाना नव्हता. मी ती कपाटात हजेरीपटांवर ठेवली आणि माझ्या जागी आलेल्या बाईंना दोन वाक्यांत सांगितले. त्या लातूरकडच्या, नोकरीला नव्या. त्यांनी मान हलवली, पण निघताना मला फारशी आशा नव्हती.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. चौथ्या रकान्यात काही ठिकाणी ‘आजी’ शब्दाखाली दोन रेघा आहेत, त्यांचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की त्या आजींना रात्रीचे दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मुलाला घरापर्यंत सोडायला कुणीतरी लागते. मग मी विचारले की प्रस्ताव पोळ्यानंतर पाठवणार ना. त्या म्हणाल्या, “नाही सर, यंदा पाऊस नाही, लोकांनी उचल आषाढातच घेतली. मी प्रस्ताव जुलैतच दिला. आता फक्त ज्वारीचं बघायचं आहे, गिरणीवाल्या मावशी म्हणतात की यंदा कुणाच्या कणगीत काही नाही.”